आपोआप उतरणारी ट्रॉली

उजनी धरणाची भिंत वर चढत होती, त्या वर्षांत जेऊरजवळच्या आमच्या शेतासाठी मी एक छोटा ट्रॅक्टर घेतला. त्याच्या मागील बाजूस तेलाचा पाइप जोडून दांडा ओढला की ट्रॉलीखालचा जॅक ती उचलून धरी आणि शेणखत मागे ओतले जाई. इंजिन बंद केले तरी ट्रॉली वरच राहील, असे विक्रेत्याने लेखी दिले होते.

ती राहत नसे. भर दुपारी, कोणी हात न लावता खाली येई. आवाज नाही, जमिनीवर तेलाचा थेंब नाही. पाहत बसले तर हलताना दिसत नसे. नजर वळवून पुन्हा पाहावे, तर ट्रॉली आणि तिच्या चाकांवरचा सांगाडा यांतली फट अरुंद झालेली असे. आमचा कुत्रा तिच्या सावलीत बसेनासा झाला.

मी विक्रेत्याला तीन नोंदणीकृत पत्रे धाडली. उत्तर आले, "दोष आढळला नाही." यंत्र न पाहताच! ती निर्लज्ज ओळ आठवली की आजही माझे रक्त उसळते.

मग पुरावाच द्यायचा, असे मी ठरविले. ट्रॅक्टरचा चालक ट्रॉली वर ठेवून जेवायला गेला असता मी ती पूर्ण उचलून इंजिन बंद केले. तिच्याखाली त्याने नेहमीप्रमाणे बाभळीचा टेकू लावला होता. तो मी काढून टाकला, कारण टेकूने दोष झाकला असता. घड्याळ आणि कागद आणायला घरात गेलो; ते शोधण्यात बराच वेळ गेला.

परतलो तेव्हा दोन पाय बाहेर लोंबत होते. चालक सांगाड्यावर आडवा होऊन जॅकला ग्रीस लावीत होता. ट्रॉलीचा तळ त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर आला होता.

"बाहेर ये!"

"आलो की अण्णा. कोर्टाची तारीख चुकतीया व्हय तुमची?"

मी त्याला पाय धरून ओढले. तो हसत उठला आणि वळला. आमच्यादेखत ट्रॉली सांगाड्यावर टेकली. तेव्हाही आवाज झाला नाही.

"टेकू कुनी काढला?"

"मी."

त्याच दुपारी मी चौथे पत्र लिहिले, वेळेच्या नोंदींसह, आणि साक्षीदार म्हणून त्याचा अंगठा मागितला.

"वाचून दावा," तो म्हणाला. ऐकून घेतल्यावर म्हणाला, "टेकूचं न्हाय आलं ह्यात."

"दोषाशी त्याचा संबंध नाही."

"माजा हाय की, अण्णा."

त्या एका वाक्याने विक्रेत्याच्या हाती आयता बचाव पडणार होता. स्वतःविरुद्ध लिहिण्याची सक्ती कोणताही कायदा माझ्यावर करीत नव्हता. मी ते लिहिले. त्याने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, आणि मगच अंगठा उठवला.