आवाज न करणारं पीस

शिरोड्याहून तार आली तेव्हा मी मुंबईच्या घरी भाजी निवडत होते. आक्का गेल्या... माझ्या थोरल्या जाऊबाई. महिना उलटला, पण त्यांच्याविषयी बोलायला लागले की ऊर भरून येतो, तो दुःखापेक्षा अभिमानानंच.

पंचावन्न सालाच्या आसपास मी लग्न होऊन शिरोड्याच्या त्या घरात आले. आक्का माडांखाली पडलेली पिसं उचलायच्या, उजेडात धरायच्या आणि पक्ष्याचं नाव सांगायच्या. हा नाद त्यांनी माहेरून, वडिलांकडून आणलेला. खंड्याचं निळं, भारद्वाजाचं तांबूस, एवढं मलाही कळू लागलं. सासूबाई म्हणत, "पिसां येचून संसार होता काय गो?" आक्का नुसत्या हसायच्या.

एका हिवाळ्यात आमच्या कोंबड्या नाहीशा होऊ लागल्या. परसातल्या उंच आंब्यावर समुद्रगरुडांचं घरटं होतं, त्यात पिल्लं होती. आळ त्यांच्यावर आला. मामंजींनी झाड तोडायला माणसं बोलावली. त्यांच्यापुढे सुनांनी तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती... पण त्या सकाळी आक्का पदर सावरत थेट घरापुढच्या खळ्यात गेल्या. हातात दोन पिसं होती.

"मामंजी, ह्यां आंब्याखाली गावलां. गरुडाचां," म्हणत त्यांनी एक पीस मामंजींच्या कानाशी हलवलं. फर्रकन आवाज झाला. "आणि ह्यां कोंबडी गेली थंय गावलां." दुसरं पीस मऊ, काठाला बारीक लव असलेलं. तेही तसंच हलवलं.

"माका काय आयकाक येना नाय," मामंजी म्हणाले.

"कोंबड्यांकय आयकाक येवक नाय. घुबडाचां आसा तां. रातचा येता."

कुऱ्हाडी घेऊन आलेली माणसं पीस पाहायला पुढे सरकली. मामंजींनी ते पीस हातात घेऊन पुन्हा कानाशी हलवलं, पुन्हा एकदा हलवलं. मग म्हणाले, "झाड रवांदे. आधी खुराडां बांधूया."

तोवर आमच्या कोंबड्या फणसाच्या फांदीवर उघड्यावर झोपत. खुराडं झालं आणि चोरी थांबली. पुढे गरुडाची पिल्लं उडाली, तेव्हा आम्ही सगळे आक्कांच्या मागे उभे राहून पाहत होतो, मामंजीसुद्धा.

त्यानंतर मामंजी समुद्रावर फिरायला गेले की उपरण्यात पीस बांधून आणत. आक्कांसमोर ठेवत आणि त्या नाव सांगेपर्यंत हलत नसत. पाहुण्यांना म्हणत, "आमच्या सुनेक इचारा, ती सांगतली."

दिवसकार्याला गेले तेव्हा आक्कांच्या खोलीत खिडकीच्या गजामागे एक पीस खोचलेलं दिसलं. करडं, टोकाला पांढरं. मी ते उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं... मला ओळखता आलं नाही. घरात कुणालाच आलं नाही. मी ते होतं तिथेच पुन्हा खोचून ठेवलं.