केळी ग्रुपचं कुलूप

"फोडतील, एक दिवस नक्की फोडतील," म्हणून मी बोंबलत होते. कुणी विश्वास ठेवला? नाव नको! चौथी शिकलेली बाई बोलली की ती कटकट. तेच एखाद्या पँटवाल्यानं बोलावं, की लगेच 'सूचना'!

असले किस्से केळीच्या पिलांसारखे असतात. एक छाटला की बुंध्याशी दुसरा वर आलाच. माझ्याकडे आता बाग झाली आहे.

गिरणेकाठी, भडगावच्या अंगाला आमचा केळी ग्रुप होता. शेतकऱ्यांनी मिळून माल दिल्लीला पाठवायचा, व्यापाऱ्याचे पाय धरायचे नाहीत. चेअरमन नाना. मॅनेजर प्रकाश, बी.कॉम. आणि नानांचा जावई. यातलं मोठं शिक्षण कोणतं ते तुम्ही ठरवा. 'एक बाई पाहिजे' म्हणून कमिटीत मी.

गुपित एकच. कुणी कोणत्या महिन्यात किती खोडं लावली, ते दिल्लीच्या अडत्याला फोनवर कळवायचं. त्यावर तो पुढच्या वर्षीचे ट्रक ठरवणार. हेच व्यापाऱ्याला कळलं, तर कुणाची बाग कधी तयार होते आणि कुणाचा कापणीचा नंबर लांब आहे, हे त्याला घरबसल्या समजणार. घड झाडावर पिकायला लागले की माणूस पडेल त्या भावात देतो. ग्रुप मेला!

* * *

फोन कुठून करायचा? स्टँडवरच्या एसटीडी बूथवरून. लाईन अशी खराब, की प्रकाशचं गुपित नदीपलीकडे ऐकू जायचं.

"प्रकाशभाऊ, जरा हळू!" मी म्हटलं.

"अक्का, आकड्यांत बोलतो. कुणाच्या बापाला कळत नाही."

खरंच कळलं नाही. स्टँडवरच्या लोकांना वाटलं, हा मुंबईहून मटक्याचे आकडे घेतो! महिनाभर निम्मं गाव आमच्या केळीवर मटका खेळत होतं. एकाला लागला. तो पेढे घेऊन ऑफिसात आला आणि प्रकाशच्या पाया पडला.

नाना म्हणाले, "बघा अक्का, गुपित फुटलं का?"

* * *

मग कमिटीनं डोकं लावलं. आकडे खरे सांगायचे नाहीत, थोडे वाढवून सांगायचे. किती वाढवायचे? त्या दिवशी ज्या गावचा आठवडे बाजार, त्या गावाच्या नावात जितकी अक्षरं तितके. पिंप्रीचा बाजार असला तर दोन, वाकडीचा असला तर तीन.

मी कपाळावर हात मारला. "नाना, कोणत्या वारी कुठला बाजार हे आमच्या बैलाला ठाऊक आहे. गाडी जुंपली की आपण होऊन त्या रस्त्याला लागतो!"

"बैल काय फोन ऐकतो?"

बैलानं नाही ऐकला, एसटीच्या कंडक्टरनं ऐकला. प्रकाश बूथमध्ये मोठ्यानं 'पिंप्रीचे दोन' धरून आकडे सांगतोय आणि हा बाहेरून तिकिटाची पेटी वाजवत ओरडतो, "भाऊ, आज वाकडीना बजार शे! पिंप्रीना काल व्हता! तुमना बठ्ठा आकडा चुकना!"

प्रकाशनं त्याला 'थँक्यू' म्हटलं. फोन चालू ठेवला.

* * *

त्यानंतर कमिटीनं जळगावहून कुणी एक प्रोफेसर आणला. त्यानं आकडे लपवायची नवीन रीत बसवून दिली. फार अवघड. ती शिकताना प्रकाशनं आठवडाभर दाढी केली नाही.

"अक्का, आता हे कुलूप फोडायला शंभर माणसं शंभर वर्षं बसली पाहिजेत."

"माणसं कशाला बसतील? उद्या मशीन बसेल. ते जेवायला उठत नाही."

कमिटी हसली. नाना तर इतके हसले, की खोकला लागला. पाणी मीच दिलं.

* * *

बूथसमोरच्या बाकावर रोज एक माणूस बसायचा. मांडीवर टेपरेकॉर्डर. प्रकाशनं फोन उचलला की हा बटण दाबायचा. मी एक दिवस त्याची कॉलरच धरली.

"काय भरतोस रे?"

"अक्का, माले काहीच समजत नही! शेठ म्हने भरी ठेव, मी भरी ठेवस."

शेठ म्हणजे तोच, ज्याच्या दारात जायचं नाही म्हणून आम्ही ग्रुप काढला! तशीच ऑफिसात गेले. नाना म्हणाले, "त्याला समजत नाही ना? मग झालं तर!"

"नाना, कच्ची केळी आज खाता येत नाही म्हणून कुणी फेकतं का? भट्टीत ठेवतात. पिकली की खातात. तो कॅसेटी पिकायला ठेवतोय! लावणीचं गुपित वर्षभर टिकलं पाहिजे, आजच्यापुरतं नाही!"

"अक्का," प्रकाश म्हणाला, "टेक्निकल गोष्टीत केळी आणू नका."

केळी ग्रुपचा मॅनेजर बोलला हे!

* * *

माझं तोंड बंद करायला दोघं धुळ्याला गेले, कॉम्प्युटर क्लासात. बाहेर चपला काढल्या, मशीनला नमस्कार केला. नानांनी तिथल्या मुलीला विचारलं, "पोरी, हे आमचं कुलूप फोडेल का?"

मुलगी म्हणाली, "आज तरी नाही."

नाना परत आले ते पेढे वाटतच. "आज नाही म्हणाली!"

मी पेढा खाल्ला नाही.

* * *

पुढच्या वर्षी शेठच्या भाच्यानं नवीन कॉम्प्युटर आणला आणि पिकायला ठेवलेल्या कॅसेटींतले आकडे त्यात घातले. माझी कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरल्यावर लावलेली केळी, तयार व्हायला आली आणि शेठ माझ्या बांधावर उभा. "अक्का, खोडं किती आणि लावली कधी, तेही सांगू का? ग्रुपचा ट्रक तुम्हाला इतक्यात मिळत नाही. मला देऊन टाका."

मी विळा दाखवला. तो गेला, पण गावात दहा जणांनी पडत्या भावात दिलं.

मीटिंग बसली. गुपित फोडलं कुणी? फोडणाऱ्याची कापणी सगळ्यात शेवटी, हा ठराव आधीच झाला. म्हणजे त्याचे घड झाडावरच पिकणार, नाहीतर शेठच्या घशात जाणार. प्रकाशला दोष देता येईना, तो जावई. बूथवाला नानांचा साडू. अडत्या रुसला तर ट्रक बंद. प्रोफेसर तर शिकलेला माणूस!

"अक्का," नाना म्हणाले, "फोडतील हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"होतं! बठ्ठ्यांसमोर, सगळ्या कमिटीसमोर सांगितलं होतं!"

"आम्हाला कुणालाच कसं माहीत नव्हतं मग? आणि त्या टेपवाल्याशी बोलत कोण होतं?"

"बोलत? कॉलर धरली होती मी त्याची!"

"म्हणजे ओळख होती," प्रकाश म्हणाला आणि लिहून घेतलं.

मग उभा राहिला, घसा साफ केला आणि बूथमध्ये काढायचा त्याच आवाजात वाचलं. "गुपित फोडल्याबद्दल दोषी, कमिटी सदस्य, इंदूबाई भिला पाटील."