‘बरं झालं,’ मी म्हणाले

अहेरीच्या पुढे जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात मी बरीच वर्षं नर्स आहे. आमच्याकडे मोबाइलची रेंज पाहुण्यासारखी येते नि जाते. नीट बोलायचं तर पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून तिसऱ्या पायरीवर उभं राहावं लागतं. दीड महिन्यापूर्वी एका दुपारी लसीकरण आटोपत असताना फोन एकदाच वाजून बंद पडला. नंबर देवरावभाऊजींचा होता, माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचा. ते तेव्हा तिला घेऊन हजार किलोमीटर लांब कोकणात समुद्राकाठी होते. मी धावत जिन्यावर गेले आणि फोन लावला. पलीकडे नुसता वारा. त्यातून तुटक आवाज आला, “इंदू... भरती... सकाळी भरती... बाईचं झालं, इंदू.” माझ्या अंगावरून जणू मणाचं ओझं उतरलं. दोन महिने मी याच शब्दासाठी घसा फोडत होते. मी म्हणाले, “बरं झालं, भाऊजी! हे दोन महिन्याआधीच व्हायले पायजे होतं. आता तुमी दोन घास खा आन् आराम करा.” पलीकडून काहीच आलं नाही. रेंज गेली असेल, असं समजून मी खाली उतरले.

आमच्याकडे ‘भरती’ या शब्दाचे दोनच अर्थ. एक पोलीसभरती, तिच्यासाठी पोरं पहाटे रस्त्यानं पळतात. दुसरी दवाखान्यातली. पेशंटला दाखल केलं की भरती केलं. समुद्रालाही भरती येते हे शाळेच्या भूगोलात वाचलं होतं, पण आमच्यापासून समुद्र इतका लांब की तो अर्थ परीक्षेपुरताच राहिला. त्या दुपारी मी दोन तास खुशीत होते. सोबतच्या बायांना सांगितलं, “बाईले शेवटी भरती केलं बरं का.” डबा उघडून पोटभर जेवले. दोन तासांनी त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला, पण आवाज अनोळखी माणसाचा. “ताई, तुमच्या भयणीचा हयसरच करूचा, की गावाक नेवचा?” मी विचारलं, काय करायचं? तो शाळेतल्या मराठीत हळूच म्हणाला, “अंत्यसंस्कार.”

वत्सला माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून तीही माझी बाईच. आई लवकर गेली आणि सिरोंच्याच्या घरात मला वाढवलं ते बाईनं. तेलुगूत रागवायची आणि मराठीत लाड करायची, त्यामुळे मला बरीच वर्षं वाटे की तेलुगू ही रागवायचीच भाषा आहे! लग्न होऊन बल्लारपूरला गेली. भाऊजी तिथे कागद कारखान्यात फिटर. ती शाळेचे गणवेश शिवायची. मूलबाळ नव्हतं, पण दर जूनमध्ये अर्ध्या गावाची पोरं तिच्या दारात हात वर करून मापं द्यायला उभी असत. माझं नर्सिंगही तिच्याच शिलाई मशीनवर झालं. तिला कुणी काही शिकवलेलं खपत नसे. मला तर नाहीच. तिच्या लेखी मी कायम शेंबडी.

तीन वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. नागपूरच्या फेऱ्या झाल्या, ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. मग आजार फुफ्फुसात उतरला. दर पंधरा दिवसांनी छातीतलं पाणी काढायला भरती व्हावं लागे. यंदा संक्रांतीनंतर तिनं नकार दिला. “इंदे, मले आता भरती करू नको. तिथं पलंगाले नंबर असते, मानसाले नाव नसते.” मी चिडले. नर्सचा जन्म माझा, मी रोज लोकांना हातापाया पडून भरती व्हायला लावते आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! मी भाऊजींना म्हणाले, तुम्ही तिला समजवा. पण भाऊजींना समजावणं कधी जमलंच नाही. त्यांना दुरुस्ती जमते. बाईनं विचारलं, मले समुद्र दाखवता का, तर त्यांनी खाणकामगारांची ने-आण करणारी एक भंगारात निघालेली मिनीबस अंगणात आणून उभी केली आणि हातोडा घेतला. महिनाभरात तिच्यात पलंग बसला, गॅस बसला, पाण्याची टाकी बसली. पडदे बाईनं बसल्या जागी शिवले, गणवेशाच्या उरलेल्या निळ्या चौकड्यांचे. गाडी कितीही धुतली तरी फटींतून कोळशाची भुकटी निघतच राहिली.

सिरोंच्याला गोदावरीच्या काठी वाढलेल्या बाईचा एक जुना प्रश्न होता, हे सगळं पाणी जाते कुठी? मी तिला म्हणाले, “अव बाई, आपली नदी पूर्वेले जाते, तुमी पश्चिमेले निघाले.” ती म्हणाली, “समुद्र एकच असते. फिरून येते.” भाऊजींनी कोकण निवडलं त्याचं कारण वेगळं. आंध्राच्या किनाऱ्याला बाईचं तेलुगू चाललं असतं, पण भाऊजींना ते येत नाही. बायको आजारी, वाटेत विचारपूस करावी लागणार. “कोकणात आपलीच मराठी हाय,” ते म्हणाले. “काही चुकणार नाई.”

निघायच्या दिवशी मी गेले नाही. रागानं. पण रोज संध्याकाळी जिन्यावर उभं राहून फोन मात्र करायचे. ती थकलेल्या आवाजात समुद्राचं सांगायची आणि मी पायावरच्या सुजेचं विचारायचे. माणसांपासून लांब, एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्ये नजर पोचेल तिथवर पांढरी वाळू, असे किनारे त्यांनी एकामागून एक पाहिले. गाडी झाडाखाली लावायची, मागचं दार उघडायचं आणि पलंगावरूनच बघत राहायचं. “इंदे, इतकी रेती हाय आन् एकही ट्रॅक्टर नाई!” असं ती पहिल्या दिवशी म्हणाली तेव्हा मलाही हसू आलं, कारण आमच्याकडे चांगली रेती दिसली की चोर आधी पोचतो. शेवटच्या संध्याकाळी मी विचारलं, श्वास कसा आहे? ती म्हणाली, “येते-जाते.” मी म्हणाले, “जवळच्या दवाखान्यात भरती हो.” ती म्हणाली, “तुले दुसरं काही येत नाई का व?” आमचं शेवटचं बोलणं हेच.

पुढचं मला भाऊजींनी आणि दुसरा फोन करणाऱ्या त्या माणसानं, तिथल्या एका कोळ्यानं सांगितलं. सदानंद त्याचं नाव. गावाचं नाव देत नाही, त्या गावानं आमच्यावर उपकारच केले. समुद्रावरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी खूप आत गेलेलं होतं. बाईला दोन पावलंही चालवत नव्हतं आणि ती म्हणाली, मले पाण्याले हात लावाचा हाय. भाऊजींनी गाडी ओल्या वाळूवरून थेट पाण्याजवळ नेली. आम्हा नदीकाठच्या माणसांना यात वावगं काही दिसत नाही. उन्हाळ्यात गोदावरीचं अर्धं पात्र म्हणजे रेतीच. टरबुजाच्या वाड्या, बैलगाड्या, माणसांची बिऱ्हाडं, सगळं पात्रात असतं. आमचं पाणी वर्षातून एकदा चढतं. ते रोज दोनदा चढू शकतं हे आमच्या हाडांना ठाऊकच नाही.

सदानंद जाळी घेऊन चालला होता. त्यानं उघड्या दारातून पलंगावरची बाई पाहिली, गाडीची चाकं पाहिली, आणि म्हणाला, “काका, आज भरती मोठी आसा. हयसर ठेवू नकात.” भाऊजींनी हात जोडले. त्यांना वाटलं, आजारी बाईकडे पाहून हा सांगतो आहे की हिला इथं ठेवू नका, भरती करा. इंदूच्या तावडीतून सुटलो, तर इथंही कुणी तरी भेटलंच. ते म्हणाले, “आमचं ठरलं हाय, भाऊ. आमी भरती नाई करत.” सदानंद मला म्हणाला, “माका वाटला, काका मस्करी करतत.” तो हसत पुढे गेला. बाई पाण्याला हात लावून, बोटं चाखून, “खरंच खारं हाय व!” म्हणत आडवी झाली. तिला डुलकी लागली म्हणून भाऊजी प्यायचं पाणी आणायला कॅन घेऊन गावात गेले. विहिरीवर बायांशी दोन शब्द झाले, बिऱ्हाड कुठलं, मुलं किती... परतले तर पाणी गाडीच्या दारात.

चाकं रुतली होती. माणसं धावली. बाईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी छातीभर पाण्यातून वर काढलं. सदानंदच्या पडवीत त्याच्या बायकोनं तिला कोरडं लुगडं नेसवलं, शेकोटी केली. गाडी मिळेपर्यंत, तालुक्याला न्यायचं ठरेपर्यंत पाऊणएक तास गेला आणि तेवढ्यात तिचा श्वास थांबला. तिथून त्यांनी मला फोन केला. “बाईचं झालं, इंदू.” आणि मी म्हणाले, बरं झालं.

आमच्याकडून तिथे पोचायला दोन दिवस लागतात. मी सदानंदला सांगितलं, तिथेच करा. ज्या बहिणीनं मला वाढवलं तिला परक्या माणसांनी खांदा दिला आणि मी टाकीच्या जिन्यावर बसून होते. मला भाऊजींचा राग आला. इतका, की ते समोर असते तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक. ते मात्र पंधरा दिवस तिथेच राहिले, इंजिन खोललं, मीठ धुतलं, आणि एकटे गाडी चालवत बल्लारपूरला परत आले.

बाईच्या मागे करायच्या जलदानाच्या विधीला मी गेले तेव्हा मनात होतं, दारात पाऊल टाकताच भांडायचं. पण भाऊजी आश्चर्य वाटावं इतके शांत होते. वेळेवर जेवत होते, आल्यागेल्याला पाणी देत होते. आणि प्रत्येकाला एकच सांगत होते, “आमची इंदू नर्स हाय. तिनं लगेच सांगतलं, बरं झालं. दोन महिने आधीच व्हायले पायजे होतं म्हने. बाईचे हाल वाचले. मलेच म्हनली, दोन घास खा, आराम करा.” बाया माझ्याकडे बघू लागल्या. आईसारख्या बहिणीच्या मरणाला बरं झालं म्हणणारी ही कोण कैदाशीण, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ते मी सहन करायला हवं होतं. बाईनं माझ्यासाठी काय काय सहन केलं! पण मला माझ्या नावाची पडली होती. लोक गेल्यावर मी भाऊजींना समोर बसवलं आणि खुलासा केला. म्हणाले, मी ऐकलं ते वेगळं, मला वाटलं दवाखान्यात भरती केलं.

ते हातातल्या पेल्याकडे बघत म्हणाले, “म्हनजे... बरं नाई झालं.” “मी समजत होतो, तू नर्स हाय, तुले समजते. म्हनून मी उभा हावो.” मग त्यांनी विचारलं, “तू म्हनत होती तशी भरती केली असती, तं राह्यली असती का?” रोज पेशंटच्या नातेवाइकांशी मी किती सहज खोटं बोलते! सगळं ठीक होईल म्हणते. तेव्हा एक ‘नाही’ माझ्या तोंडातून वेळेवर निघालं नाही. मी क्षणभर हिशेब करत राहिले, किती आठवडे, किती दिवस... तेवढ्या क्षणात त्यांनी उत्तर वाचलं. पेला खाली ठेवून ते अंगणात गेले. भांडण करायला आलेली मी, आवाजही वर न करता त्या माणसाचं होतं नव्हतं ते काढून घेऊन बसले होते.

त्यानंतर त्यांनी एक नवीनच सुरू केलं. रोज सकाळी ते सदानंदला फोन करून विचारतात, आज भरती किती वाजता? आणि त्या वेळेच्या अर्धा तास आधी अंगणातून गाडी काढून गल्लीच्या टोकाच्या चढावर नेऊन लावतात. पाणी उतरलं की परत आणतात. भरती रोज पाऊणएक तासानं पुढे सरकते, तसे तेही सरकतात. जेवण त्यात कुठे बसलं तर बसतं. शेजारी सुरुवातीला हसले, आता हसत नाहीत. मी डॉक्टरांशी बोलले, गोळ्या आणल्या, भाऊजींनी त्या मुकाट्यानं घेतल्या आणि गाडी काढायला उठले.

गेल्या रविवारी मी गेले तर ते तापानं फणफणलेले, झोपलेले होते. उशाशी फोन वाजला, तो मी घेतला. सदानंद म्हणाला, “काकांचो आज फोन नाय... ताई, आज सव्वा दोनाक.” मी घड्याळ पाहिलं. पावणेदोन वाजत होते. झोपू द्यावं, असं एकदा मनात आलं. मग मी त्यांचा खांदा हलवला आणि म्हणाले, “भाऊजी, उठा. भरती येते.”

ते उठले. मी त्यांना धरून गाडीपर्यंत नेलं आणि मागे बाईच्या पलंगावर बसले. त्यांनी गाडी चढावर घेतली, हँडब्रेक ओढला आणि मान न वळवता विचारलं, “इथवर येईल का, इंदू?”

“नाई येत,” मी म्हणाले. ते तसेच स्टीअरिंग धरून बसले होते. “तरी थोडी वर घ्या.”