शाळेच्या मापाने कुस्ती

मी चौथी नापास. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जी अक्कल येणार आहे ती शिकलेल्या लोकांची आहे, माझी नाही.

नरखेडच्या बाजूला आमचं गाव. संत्र्याच्या बगीच्याला पाणी देणं आणि आखाड्यात पोरं घडवणं, ही दोनच कामं मी जन्मात धड केली. सध्या आखाड्यात सगळ्यात कडक कोण असेल तर माझी नात. दहावीत आहे, वजन सेहेचाळीस किलो. गेल्या साली जिल्ह्याच्या शालेय कुस्तीत नागपूरजवळच्या वाडीच्या एका मोठ्या शाळेतल्या पोरीनं तिला ढाक डाव मारून चीत केलं. नात रडली नाही. "आबाजी, मले पुन्हा तिच्याच संगं खेळायचं आहे," एवढं बोलली आणि वर्षभर ढाक कसा चुकवायचा तेच घोटत राहिली. दहावीनंतर कुस्ती बंद, असं तिच्या बापानं, म्हणजे माझ्याच पोरानं, ठरवून ठेवलं होतं. तेव्हा जे काय व्हायचं ते यंदाच.

आणि यंदाच साहेब लोकांना सुचलं. शाळांचे दोन गट करायचे. दोनशेच्या आत पोरं असलेल्या शाळा लहान गटात, वरच्या मोठ्या गटात. वाडीच्या शाळेत दोन हजार पोरं, आमच्या शाळेत दीडशेच्या आसपास. म्हणजे दोघी एकाच वजनाच्या, मॅट एकच, पण एकमेकींना हात लावायचा नाही.

आमचे हेडमास्तर पेढे घेऊनच घरी आले.

"बाबाजी, यंदाचं गोल्ड आपलंच समजा."

"कोणाले पाडून?"

"पाडायची गरजच नाही गा. लहान गटात त्या वजनात आपली सोडून दोनच पोरी आहेत म्हणतात, त्याही नवख्या."

नातीनं पेढ्याला हात लावला नाही.

मग स्पर्धेच्या आधी नागपुरात मीटिंग होती, तिथं मी हेडमास्तरांच्या मागं एसटीनं गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. टेबलामागच्या साहेबानं शांतपणे समजावलं, "काका, मोठी शाळा दोन हजारांतून एक निवडते. तुम्ही दीडशेतून. लहान शाळांवर हा अन्याय नाही का?"

"साहेब, मॅटवर दोन हजार उतरतात का? उतरते एकच. बाकीच्या टाळ्या वाजवतात. काट्यावर पोरगी चढवा, शाळा काहून चढवता?"

"त्यांच्याकडं मॅट आहे, कोच आहे."

"मग आम्हाले मॅट द्या. गट काहून देता?"

मागं दोघंतिघं हसले. साहेबानं चष्मा लावला आणि यादीत आमची शाळा शोधली. "अहो, मग भांडता कशाला? तुमची शाळा मोठ्याच गटात आहे. विद्यार्थी दोनशे अठरा."

मी हेडमास्तरांकडं पाहिलं. त्यांचं तोंड चुना लावल्यासारखं झालं होतं. गावातली कितीतरी घरं गोदामांच्या कामाला वाडीत जाऊन राहिली, पोरं तिथल्याच शाळेत जातात. पण आमच्या हजेरीत ती अजून उभी राहून कविता म्हणतात, कारण पोरं कमी दिसली तर सरकार मास्तर कमी करते. वर्षानुवर्षं तोच आकडा लिहून हेडमास्तरांच्या हाताला वळण पडलेलं. कुस्तीच्या फॉर्मवरही हातानं तोच लिहून टाकला.

"सर, काही चुकलं असेल तर खरा आकडा द्या," साहेब म्हणाला. "लेखी. सही-शिक्क्यानं."

हेडमास्तर खोकले. पाणी प्यायले. "दोनशे अठराच बरोबर आहे," म्हणाले.

आणि अर्धा तास न्यायासाठी घसा फोडणारा मी, मीही गप बसलो. माझं काम झालं होतं.

स्पर्धेच्या दिवशी दोघी समोरासमोर आल्या. वाडीच्या पोरीनं दोनदा ढाक लावला, नात दोन्ही वेळा खालून निसटली. गुण चार-चार झाले. शेवटच्या घटकेला त्या पोरीनं तिला रिंगणाबाहेर ढकललं आणि एक गुण घेतला. पाच-चार. हरली.

पलीकडच्या मॅटवर लहान गटाचा निकाल लागला. दोघींतल्या एकीचं वजन जास्त भरलं म्हणून ती बाद झाली होती. उरलेलीचा हात पंचानं वर केला, गळ्यात गोल्ड घातलं, फोटो काढला. पोरीच्या केसाची क्लिपसुद्धा हलली नव्हती.

"तिथं असतो तर ते आपलं होतं," हेडमास्तर हळहळले.

नात टॉवेलनं तोंड पुसून राहिली होती. "सर, मग तिथं मी हिच्यासंगं कशी खेळली असती?"

परतीच्या एसटीत माझ्या पोराचा फोन आला. हरल्याचं त्याला आधीच कळलं होतं.

"झालं ना बाबा? आता तिले सांगा, बंद म्हणून."

नात खिडकीकडं तोंड करून बसली होती, पण कान इकडंच होते.

"गेल्या साली चीत झाली, यंदा एका गुणानं गेली," मी म्हणालो. "अकरावीचा फॉर्म आणून ठेव. आणि ज्या कॉलेजात आखाडा नाही त्याचा आणू नको."