चुलीवरची निगडी

तिसऱ्या वेळीही बुरशी थेट कागदापर्यंत आली.

आमच्या लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या श्वेताने डिश ट्यूबलाइटसमोर धरली, फिरवून बघितली आणि आपटायच्या बेतात होती. मग माझ्याकडे बघून तिने ती हळूच टेबलावर ठेवली. डिशेस मी धुतो.

"वाट लागली, दिनूदादा. पुढच्या महिन्यात कमिटी येणार. त्यांना काय दाखवू, हा कापूस?"

मी मुलुंडच्या एका कॉलेजात बॉटनीच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. शिक्षण आठवी, तेही अर्धी. गाव सावंतवाडीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. आधी याच कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होतो. एकदा लॅबच्या दातार मॅडमनी विचारलं, "काचेचं काम जमेल का रे?" मी हो म्हटलं. तेव्हापासून इथे आहे. मोजपट्टीवर मिलिमीटर वाचायला त्यांनीच शिकवलं. नेमणूक मात्र प्रोजेक्टपुरती. कमिटीने मुदत वाढवली नाही, प्रोजेक्ट संपलं, की मीही संपलो.

प्रोजेक्ट होतं आंब्याच्या करप्यावर. करपा म्हणजे बुरशी. मोहर काळा पडतो, फळावर डाग येतात. ती बुरशी आम्ही काचेच्या चपट्या डिशमध्ये वाढवतो. पाला सुकवून, कुटून, मेथॅनॉलमध्ये भिजवून त्याचा अर्क काढतो. अर्कात बुडवलेली कागदाची टिकली डिशमध्ये ठेवायची. अर्कात दम असेल तर टिकलीभोवती बुरशी वाढत नाही, स्वच्छ गोल रिंगण राहतं. त्याला झोन म्हणतात. झोन जितका मोठा, तितका श्वेता चहा पाजणार.

निगडीचं, म्हणजे निर्गुंडीच्या झुडपाचं, नाव मीच काढलं होतं. आमच्याकडे भाताच्या कणगीत निगडीचा पाला घालतात, भाताला कीड लागत नाही. हे मी डबा खाताना सहज बोललो. मॅडम म्हणाल्या, "मग तुझ्या गावचाच पाला आणू या. सावलीत सुकवायला सांग, उन्हात नको." मी आईला फोन केला. पंधरा दिवसांनी तिने बसवाल्याकडे पिशवी दिली, मी ती चेकनाक्यावरून आणली. रजिस्टरमध्ये नोंद माझ्याच अक्षरात आहे : निगडी, पाने, सावलीत सुकवलेली.

त्या पाल्याने असा झोन दिला की श्वेता टेबलाभोवती नाचली. मॅडमनी मला बोलावून डिश हातात दिली. "बघ, तुझ्या कणगीचा प्रताप." त्या दिवशी घरी जाताना मी दोनदा वाट चुकता चुकता राहिलो. आठवी अर्धी टाकलेल्या माणसाच्या गावचा पाला, आणि त्यावर पुस्तकात लिहिणार!

पाला संपला. दुसरा आणायचा तर भांडुपच्या टेकडीवर निगडीची जाळीच आहे, माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर. मी पोतंभर आणला, लॅबमध्ये पंख्याखाली सुकवला. अर्क काढला. झोन नाही. परत काढला. नाही. आता हा तिसरा.

मग शोध सुरू झाला. मेथॅनॉलची बाटली बदलली. बुरशी नव्याने लावली. मॅडम म्हणाल्या, गावची निगडी वेगळी असू शकेल, माती वेगळी, ऋतू वेगळा. श्वेता चिडून फिरत होती.

"दादा, रागावू नका, पण डिशेसना साबण राहत नाही ना?"

"तीन पाण्यांनी धुतो गं मी. चौथं डिस्टिल्ड."

"माहितीये हो. विचारावं लागतं ना यार."

विचारावंच लागतं. ऐंशी डिशेस मी परत काढल्या, परत धुतल्या, मोठ्या कुकरमध्ये वाफवल्या. हातांची सालं निघाली. काम संपवून नॅपकिन घ्यायला लॉकर उघडलं.

लॉकरमध्ये आईची पिशवी होती. तिच्या जुन्या लुगड्याची, हाताने शिवलेली. पाला संपल्यावर ती टाकून द्यायची होती, मी दिली नाही. कारण सांगायला लाज वाटते. तिला घरचा वास होता. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडायचं, नॅपकिन शोधतोय असं करायचं, पिशवीत नाक घालायचं आणि परत कामाला लागायचं. चार महिने हे चाललं होतं. कुणाला कळलं नव्हतं.

त्या दिवशीही नाक घातलं. आणि पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, घरचा वास म्हणजे कसला? निगडीचा? माझ्या अंगाला आठवडाभर निगडीचाच वास येत होता. तो उग्र, औषधी. हा तसा नव्हता.

हा धुराचा होता.

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला.

"आये, ती निगडीची पानां खंय सुकवलंस?"

"खंय म्हणजे? भायर पाऊस. चुलीवर टांगलंय, सुक्या बांगड्यांच्या बाजूक. कित्याक? कुजली काय?"

"नाय गे. मी सावलीत सांगितलेलंय ना?"

"मगे? चुलीवर ऊन येता काय रे, झिला?"

बरोबर होतं तिचं. आमच्या घरात चुलीच्या वर दोऱ्यांनी बांबूची ताटी टांगलेली असते. पावसाळ्यात ज्याला सुकायचं ते सगळं तिथे जातं. मासळी, बियाणं, लाकडं, माझी शाळेची चड्डीसुद्धा. माझ्या आईच्या लेखी ती सावलीच. आणि खरं सांगायचं तर माझ्याही. मॅडमनी तेव्हा "सावली म्हणजे कुठे?" असं विचारलं असतं, तर मी तेच सांगितलं असतं.

फोन ठेवला आणि जिन्यातच बसलो. धुराने बुरशी मरते हे सांगायला पीएचडी लागत नाही. धुरावरच्या मासळीला ती लागतच नाही. म्हणजे तो झोन निगडीचा नसेल. म्हणजे श्वेताचं वर्ष गेलं. प्रोजेक्ट वाढणार नाही. ज्या रजिस्टरात माझं अक्षर आहे तेच चुकीचं आहे. गप्प बसलो तर? मॅडम म्हणतील गावची माती वेगळी, आणि गाडी पुढे जाईल. मला फक्त परत एकदा आईला पाला सुकवायला सांगायचं होतं. परत तसाच झोन येणार होता. सगळे खूश.

हे मला सुचलं, हे मी इथे लिहितोय. दोन जिने चढेपर्यंत तो विचार माझ्यासोबत होता.

वर मॅडम डिशेसवर नंबर टाकत होत्या. मी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली.

"मॅडम, वास घ्या."

त्यांनी चष्मा वर केला, वास घेतला. "धूर?"

"आईने चुलीवर सुकवला. मी सावलीत लिहिलं. चुकलं माझं."

श्वेताने पेन खाली टाकलं. "चार महिने पिशवी लॉकरमध्ये होती? आणि आज सांगताय?"

"वास माहीत होता गं. धूर आहे हे लक्षात नाही आलं."

"असं कसं लक्षात येत नाही?"

ती घाटकोपरला सातव्या मजल्यावर वाढली. माझ्या घरात त्या वासाशिवाय काही नव्हतंच. पाण्याला होता, उशीला होता, आईच्या पदराला होता. त्याला वेगळं नाव द्यायची वेळ कधी आली नाही.

मॅडमनी पिशवीची घडी घालून ती बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "अजून नुसता संशय आहे. कंट्रोल लावू." कंट्रोल म्हणजे ज्यावर शंका आहे ती एकच गोष्ट वेगळी काढून तपासायची. त्यांनी फिल्टर पेपरचं, गाळायच्या कोऱ्या कागदांचं, एक पाकीट माझ्या हातात दिलं. "हे आईंकडे पाठव. चुलीवर टांगायचे. आणि निगडी आतल्या खोलीत पंख्याखाली सुकवायची, चुलीपासून लांब. झाडं मात्र तीच."

आई फोनवर हसायलाच लागली. "कोरे कागद सुकवू? तुज्या मॅडमचां डोक्यां बरां आसा मा?"

"बरां आसा. तू टांग."

तिने टांगले. पंधरा दिवस बांगड्यांशेजारी. शेजारणींना सांगितलं म्हणे, मुलाच्या परीक्षेचे पेपर आहेत.

दोन्ही पिशव्या आल्या. कागद पिवळसर तपकिरी झाले होते. श्वेताने त्यांचा अर्क काढला, निगडीचा वेगळा काढला, आणि चौथ्या दिवशी आम्ही तिघं डिशेसवर वाकलो. गावच्या निगडीभोवती बुरशी पार कागदापर्यंत. कोऱ्या कागदाच्या अर्काभोवती झोन. मोजपट्टी मी लावली. आकडा मीच मोठ्याने वाचला.

"धूर," श्वेता म्हणाली. नाचली नाही. पण थोड्या वेळाने चहा तिनेच आणला, तीन कप.

कमिटीसमोर मॅडमनी सगळं होतं तसं सांगितलं. प्रोजेक्ट वाढलं नाही. श्वेताला तो भाग गाळून दुसऱ्या झाडांवर नव्याने काम करावं लागलं. तिला वेळ लागला, पण झालं. मला मॅडमनी डिपार्टमेंटच्या कामावर ओढून घेतलं. कसं, ते मी विचारलं नाही. विचारायला धीर लागतो. रोज सकाळी त्यांच्या टेबलावरची धूळ मी सगळ्यात आधी पुसतो, एवढंच.

रजिस्टरमध्ये आता एक रकाना जास्त आहे : कुठे सुकवलं, कशाजवळ. तो मी भरतो. पाला घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, "सावली म्हणजे नक्की कुठे?" पोरं हसतात. हसू देत. झाडाचं नाव लिहिलं म्हणजे नमुना कळला असं होत नाही. तो कुणाच्या घरातून आला तेही लिहावं लागतं.

गेल्या वर्षी भावाने घरात गॅस आणला. आईला खोकला होता, बरंच झालं. चूल मोडली, ताटी काढली. पिशवीचा वास तर कधीच गेला.

आईने टांगलेल्या कागदांपैकी दोन उरले होते. मॅडमनी ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवायला सांगितले. लेबल माझ्या अक्षरात आहे : फिल्टर पेपर, चुलीवर, गावचे घर. नमुन्याची बाटली उगाच उघडायची नाही हा लॅबचा नियम, आणि तो नव्या मुलांना मीच सांगतो.

महिन्यातून एकदा मी ती उघडतो. दर वेळी वास थोडा कमी असतो. हेही कुठेतरी लिहायला हवं, पण त्यासाठी रजिस्टरमध्ये रकाना नाही.