मागच्या ओळींचा आवाज

आमच्या शेजारचे बुकबाइंडर चाचा दुकानात इतकं हळू बोलायचे की गिऱ्हाईक काउंटरवर ओणवं होऊन कान पुढे करायचं. घरी तर आनंदच. जेवताना मीठ हवं असलं तर नुसती चिमटीची खूण. चाची म्हणायच्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हा माणूस मला फक्त शुक्रवारी ऐकू आला."

शुक्रवारी चाचा मुकब्बिर असायचे. म्हणजे असं, की इमामसाहेबांचा आवाज चार-पाच ओळींपलीकडे पोचायचा नाही. त्यांनी "अल्लाहु अकबर" म्हटलं की पहिल्या ओळीतून चाचा तेच खणखणीत म्हणायचे आणि पार अंगणापर्यंतची माणसं एकदम वाकायची. वरच्या मजल्यावर पडद्याआडच्या बायकांना इमाम दिसतसुद्धा नसत. त्यांची सगळी भिस्त चाचांवर. चाचांच्या आजोबांनी हेच काम पत्र्याच्या मशिदीत केलं, वडिलांनी विटांच्या.

मग माइक आला. खांबाखांबावर स्पीकर लागले. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "चाचा, आता जिवाला आराम द्या."

चाचांनी मान डोलवली आणि पुढच्या शुक्रवारी सवयीनं आवाज दिलाच! स्पीकरच्या अर्धा श्वास मागे. निम्मी माणसं स्पीकरवर उठली, निम्मी चाचांवर; दोघा-तिघांची डोकी पुढच्याच्या कमरेवर आदळली.

"मनात म्हणा ना, चाचा!" सेक्रेटरी हात जोडून म्हणाले.

चाचा मनात म्हणू लागले. पुढे नमाजाच्या वेळाही मोबाइल सांगायला लागला. मुकब्बिर कशाला म्हणतात हे मी माझ्या पुतणीला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे ब्लूटूथ!" मी चाचांना हे सांगितलं. ते हसले. चाची हसल्या नाहीत. "झालं," त्या म्हणाल्या, "माझा शुक्रवारही गेला."

गेल्या महिन्यात चाची गेल्या. जनाज्याच्या नमाजासाठी सेक्रेटरींनी मैदानात बॅटरीवरचा स्पीकर आणून ठेवला. चाचा त्यांच्याजवळ गेले.

"आज मी देतो आवाज."

"चाचा, अशा वेळी? जमेल का?"

"तिला माझाच ओळखीचा आहे."

सेक्रेटरींनी बटण बंद केलं.

हा नमाज उभ्यानंच होतो. चार तकबिरी, म्हणजे चारदा "अल्लाहु अकबर", मग मान दोन्हीकडे वळवून सलाम, की झालं, जनाजा उचलायचा. पहिली तकबीर चाचांनी अशी दिली की फाटकाबाहेरच्या ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. दुसरी तशीच. तिसरीला घसा खरवडला, पण पोचली. इमामसाहेबांनी चौथी म्हटली.

चाचा गप्प.

आम्ही पुढच्या दोन-तीन ओळींनी इमामसाहेबांबरोबर सलाम फेरला. मागच्या साऱ्या ओळी हात बांधून तशाच उभ्या. कुणी खोकलंसुद्धा नाही. सेक्रेटरींचा हात बटणाकडे गेला; इमामसाहेबांनी नजरेनंच तो थांबवला आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चाचा, मागचे थांबलेत."

नमाज पुरा व्हायच्या आत बोलू नये, हे चाचांना कुणी सांगायला नको होतं. तरी ते बोलले. अगदी हळू, दुकानात बोलत तसे.

"थांबू दे की जरा."