बारीक आवाज

आमच्या रेकॉर्ड प्लेअरवर गाण्यामागे सतत ‘सूं’ असा आवाज यायचा. मी साऱ्या रेकॉर्डी पुसल्या, तरी तो जाईना. शेवटी वर्ध्याच्या बाजारातल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकना बोलावलं. रेडिओपासून मिक्सरपर्यंत आमचं सारं तेच दुरुस्त करतात.

कामाआधी ते घर गप्प करतात. “पंखा बंद करा जी. फ्रिजही.”

आम्ही घामाघूम. त्यांनी सुई उचलून धरली आणि माझ्या बायकोला स्पीकरजवळ बसवलं.

“वहिनी, सूं अजून हाय का?”

“हो, आहे.”

“मंग रेकॉर्डीचा दोष नाई. भाऊ काऊन पुसत बसले?”

मला राग आला. “तुम्हीच ऐका ना!”

“मले बारीक आवाज ऐकू येत नाई आता,” ते सहज म्हणाले. “लपवून काय करू?”

मी ओशाळलो.

ते एकेक वायर काढत गेले. प्लेअर आणि अॅम्प्लिफायरमधली, सुईचा क्षीण आवाज वाढवणारी छोटी डबी काढताच बायको ओरडली, “गेला!”

डबीतला सुटलेला टाका सोल्डर करून त्यांनी ती परत जोडली आणि गाणं लावलं.

“वहिनी, मागं घुंगरू वाजून राह्यले का?”

तिनं कान दिला. इतकी वर्षं त्या ‘सूं’मुळे ते आम्हाला कधी ऐकूच आले नव्हते. “हो, वाजून राह्यले ना!”

“हाय ना?” त्यांचा चेहरा खुलला. डोळे मिटून, स्वतःला ऐकू न येणाऱ्या त्या घुंगरांचा ठेका ते मांडीवर धरू लागले.